धर्माच्या रकान्यात काय लिहू, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. गेल्या वर्षी जनता दरबारात तीन तास रांगेत उभा राहून मी आपल्याला अर्ज दिला होता: सरकारी फॉर्ममधल्या धर्मांच्या यादीत 'निधर्मी' अशी एक ओळ घाला. आपण तो वाचलात, हसलात आणि पीएंना म्हणालात, "यांचं करून टाका."

काय केलंत ते परवा कळलं. मुलीच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. धर्माच्या रकान्यापुढे लाल चांदणी. यादीत 'निधर्मी' नाहीच, आणि रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकेना. शेवटी सायबर कॅफेतल्या पोराने आडनाव बघून परस्पर धर्म टाकला आणि सबमिट दाबलं. "काका, सगळे असंच करतात." मुलगी माझ्याकडे बघत होती. सतरा वर्षं तिला सांगत आलो, जे पटत नाही त्यावर सही करायची नाही.

आई गेली तेव्हा मी दहावं-तेरावं केलं नाही. तिच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. काकांनी दोन वर्षं बोलणं टाकलं. ते घरातलं भांडण, चालायचंच. पण सरकारनेही काकांसारखंच वागायचं?

'धर्म नाही' अशी राजपत्रात नोंद मागणाऱ्यांना शासकीय मुद्रणालयाने परत पाठवलं होतं. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं, धर्म सांगायची सक्ती कुणावरही करता येणार नाही. निकाल आपल्यापर्यंत पोचायला टपालाला वेळ लागतोय बहुधा! 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगणारे 28 लाखांवर होते. सगळेच नास्तिक नसतील, कबूल. पण आडनावावरून मोजले गेलेले माझ्यासारखे किती? मला विचाराल तर कोटीभर तरी.

आणि आपली धर्मनिरपेक्षता म्हणजे काय, तर सगळ्यांच्या सणाला फ्लेक्स. कचेरीत सत्यनारायण, संगणकाला हळदकुंकू, आणि घटनेच्या कलम 51क ने नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलेला वैज्ञानिक दृष्टिकोन 26 नोव्हेंबरच्या, संविधान दिनाच्या भाषणापुरता. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडला होता. 20 ऑगस्ट 2013 ला त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, मग चार दिवसांत वटहुकूम निघाला. म्हणजे मनात आणलं तर जमतं तुम्हाला. मी तर फक्त यादीत एक ओळ मागतोय, तीही ऐच्छिक.

फॉर्मची प्रत जोडली आहे. धर्माचा रकाना पेनने खोडलाय. तुमच्या संगणकात तो अजून तसाच आहे.

आपला,
यादीत नसलेला एक बाप