डिस्क पुसण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तापकीर गल्लीतून आणलेली रॅमची जोडी आणि एनव्हीएमई एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवल्यापासून तुझा संगणक ‘नो बूटेबल डिव्हाइस’ (म्हणजे सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही) एवढेच दाखवतो आणि दुरुस्ती करणाऱ्याने जुनी डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे, हे तुझ्या पत्रात वाचले आणि लगेच लिहायला बसलो. माझी कळकळीची विनंती आहे, की त्या डिस्कवर इतक्यात कोणालाही काहीही लिहू देऊ नकोस. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून काकांनी मोडी कागदांवरून उतरवलेल्या टिपणांचे स्कॅन तिच्यावरच आहेत, आणि ती डिस्क बिघडली आहे असे मानण्याजोगे तुझ्या पत्रात मला काहीच आढळले नाही.

संगणक सुरू होताना मदरबोर्ड आधी प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची चाचणी घेतो. तिला ‘पोस्ट’ म्हणतात. ती पार पडली तरच बायॉस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम, डिस्क शोधू लागतो, आणि विंडोजची पाळी त्यानंतर येते. तुला पडद्यावर अक्षरे दिसतात, त्याअर्थी पोस्ट पार पडली आहे आणि रॅमवर संशय घेण्याचे तूर्त कारण नाही. पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळा राहिला म्हणून तू घाबरलास, पण डीडीआर५ रॅम नवी बसवली की मदरबोर्ड तिच्याशी वेग जुळवून घेतो आणि त्यात काही मिनिटेही जातात. फक्त दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, हे पाहा (चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांना हीच जागा मानवते) आणि बायॉसमधले एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारे सेटिंग) तूर्त बंद ठेव.

अडचण आहे ती डिस्क शोधण्याच्या टप्प्यावर. नवी एसएसडी कोरी आहे. बायॉसने तिलाच पहिला मान दिला असेल, तर त्याला बूट करण्याजोगे काही मिळणारच नाही. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा आणि जुन्या डिस्कचे नाव यादीत आहे का ते पाहा. नाव असेल, तर बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आण. बहुधा तेवढ्यावर काम भागेल. नाव नसेल, तर मदरबोर्डची पुस्तिका उघड. काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत, म्हणजे नव्या एसएसडीच्या जागी, एसएसडी बसली की साटाचे (जुन्या डिस्कची केबल जिथे लागते ते) एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात, आणि नेमके कोणते ते पुस्तिकेतल्या तक्त्यात दिलेले असते. जुन्या डिस्कची केबल अशाच पोर्टात असेल, तर ती दुसऱ्या पोर्टात लावली की डिस्क पुन्हा दिसू लागते. इतक्या साध्या कारणासाठी माणसे भरलेल्या डिस्क पुसून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खात्री करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नवी एसएसडी काढून संगणक सुरू करणे. वीज बंद कर, वायर काढ, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धर आणि मगच आत हात घाल. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श कर. जुनी डिस्क तरीही दिसली नाही, तर साटाची आणि विजेची केबल घट्ट बसव किंवा बदलून पाहा, कारण रॅम बसवताना हाताचा धक्का लागून या केबली सहज सैल होतात. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार नाही.

बायॉसमधला साटा मोड किंवा व्हीएमडी (डिस्कशी कसे बोलायचे ते ठरवणारी सेटिंग) मात्र बदलू नकोस. ते बदलल्यास विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून निळ्या पडद्यावर थांबू शकते, आणि डिस्क बिघडल्याचा गैरसमज अधिकच पक्का होतो. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) किल्ली मागितली, तर तेही बिघाडाचे लक्षण नव्हे. यंत्रात बदल झालेला दिसला की बिटलॉकर अशी विचारणा करू शकते. ही किल्ली ४८ अंकी असते आणि बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली सापडते, म्हणून आजच फोनवरून खाते उघडून ती कागदावर लिहून ठेव.

एवढे करूनही डिस्क दिसली नाही, तर ती बाहेर काढून ठेव. माझ्याकडे साटा ते यूएसबी जोडणारी केबल आहे. रविवारी सकाळी ती आणि माझा लॅपटॉप घेऊन मी सदाशिव पेठेत येतो आणि काकांचे स्कॅन आधी दुसरीकडे उतरवून घेतो. डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ किंवा ‘इनिशियलाइझ करायचे का’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच द्यायचे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेव. विंडोज नव्याने टाकायची वेळ आलीच, तर ती नव्या एसएसडीवर टाकू, आणि त्या वेळी जुनी डिस्क जोडलेली नसेल.

बायॉसच्या यादीचे छायाचित्र आणि मदरबोर्डचे मॉडेल आज रात्री पाठव, म्हणजे पुस्तिकेतला तक्ता मी आधीच पाहून ठेवीन. काकूंना माझा नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र