कार्यालयीन मेजवानीचा कचरा मागणी नोंदवतानाच ठरतो

संपादक महोदय,

कार्यालयातले निरोपसमारंभ, वाढदिवस आणि वर्षअखेरीच्या मेजवान्या पर्यावरणपूरक असाव्यात, असा आग्रह हल्ली अनेक ठिकाणी धरला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र प्लास्टिकच्या ताटल्यांच्या जागी ‘विघटनशील’ असा शिक्का असलेल्या ताटल्या आणल्या, की बहुतेकांना काम झाल्यासारखे वाटते. माझा आक्षेप त्यालाच आहे.

मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या पीएलए या प्लास्टिकचे पेले आणि चमचे कुजतात हे खरे, परंतु त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. तो जवळपास नसेल, किंवा तिथपर्यंत हा कचरा वेगळा पोहोचवण्याची सोय नसेल, तर ही भांडी कचऱ्याच्या ढिगात दीर्घकाळ तशीच राहतात आणि इतर प्लास्टिकमध्ये मिसळली, तर त्याच्या पुनर्प्रक्रियेतही अडथळा आणतात. कागदी पेल्यांना आतून बहुधा पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो कागदापासून सोडवणे सोपे नसते. तेव्हा एकदाच वापरायच्या वस्तूंमधून त्यातल्या त्यात चांगली निवडण्यापेक्षा त्या टाळलेल्याच बऱ्या.

कार्यालयाने नेहमीच्या उपस्थितीला पुरतील इतकी स्टीलची भांडी घ्यावीत आणि मोठ्या प्रसंगी जास्तीची भाड्याने आणावीत. धुण्यासाठी पाणी लागते हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. भांडी पुन्हा पुन्हा वापरली गेली, तरच त्यांच्या निर्मितीचा भार फिटतो. एका समारंभापुरती नवीकोरी भांडी घेऊन ती पुढे कपाटात कोंडणे हा उलटा व्यवहार झाला. ती घासायची कोणी, हा प्रश्नही आधीच सोडवायला हवा. एरवीच्या कामात भर म्हणून ते सफाई कर्मचाऱ्यांच्या गळ्यात घालायचे आणि पर्यावरणप्रेमाचे श्रेय मात्र आयोजकांनी घ्यायचे, हे मला पटत नाही. त्या कामाचा मोबदला समारंभाच्या खर्चातच धरावा.

भांड्यांची एवढी चर्चा होते, पण उरलेल्या अन्नाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले २८ टक्के खानपान सेवांमधले होते. कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. तरीही जेवणाची मागणी नोंदवताना हजेरीपटावरचा आकडा सरसकट दिला जातो, त्यात रजेवरचे, दौऱ्यावरचे आणि घरून काम करणारेही धरले जातात, आणि कमी पडले तर नाचक्की नको म्हणून वर आणखी थोडे वाढवले जाते. आदल्या दिवशी प्रत्येकाकडून येणार की नाही एवढे विचारून घेतले, तरी यातली बरीच नासाडी टळेल. उरलेले अन्न कोणाला द्यायचे असेल, तर घेणाऱ्यांशीही आधीच बोलून ठेवावे, कारण शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ राहिले, तर ते सुरक्षित समजत नाहीत. भाषणे आणि छायाचित्रे आटोपून कोणीतरी दूरध्वनी करेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

सजावटीबद्दल एवढेच, की फलक कापडाचे असावेत आणि त्यांवर नाव किंवा साल लिहू नये, म्हणजे ते पुढेही चालतात. फुगे आणि चमकी वगळल्याने कोणाचा आनंद कमी झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

हे सारे उत्साही सहकाऱ्यांच्या भरवशावर सोडले, तर त्यांची बदली होताच बंद पडते. म्हणून समारंभाचा खर्च मंजूर करणाऱ्या विभागानेच पुरवठादाराला लेखी अटी घालाव्यात: धुऊन वापरायची भांडी, पुड्यांत न बांधलेली, सुटी साखर आणि चटण्या, बाटल्यांऐवजी पाण्याचे मोठे पिंप, आणि अंतिम संख्या आदल्या दिवशी कळवण्याची मुभा.

आपला,
एक नोकरदार वाचक