हँडिकॅपच्या मापात पाप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून मैदाने कोरडी झाली की पुण्या-मुंबईकडे हौशी गोल्फ खेळाडूंच्या लीग सुरू होतात आणि त्यांचे निकाल क्रीडा पानाच्या कोपऱ्यात दोन-तीन ओळींत छापून येतात. अमुक संघाने तमुक संघावर इतक्या गुणांनी मात केली, एवढेच त्यात असते. ज्या आकड्यावर हा सगळा निकाल उभा असतो तो खेळाडूंचा हँडिकॅप मात्र कुठेच छापला जात नाही. सव्वीस वर्षे हा खेळ खेळणारा आणि गेले पाच हंगाम अशा एका लीगमध्ये उतरणारा हौशी खेळाडू या नात्याने त्या आकड्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांचा गोल्फशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा करतो. लहानपणी गल्लीत लगोरी किंवा पकडापकडी खेळताना सर्वांत धाकट्या भावंडाला आपण 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेत असू. त्याच्यावर राज्य येत नसे, पण त्यालाही खेळण्याचा आनंद मिळे आणि थोरांचाही खेळ थांबत नसे. गोल्फचा हँडिकॅप ही याच कल्पनेची मोजूनमापून केलेली आवृत्ती आहे. चांगल्या खेळाडूला शून्याच्या आसपास, माझ्यासारख्याला चौदा-पंधरा, नवशिक्याला तीस-चाळीस असे फटके सवलतीचे मिळतात (गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो सरस, म्हणून सवलतीचे फटके खेळाडूच्या फटक्यांतून वजा होतात) आणि त्यामुळे सासष्ट वर्षांचा निवृत्त अभियंता आणि तिशीतला दणकट तरुण बरोबरीने एकमेकांशी सामना खेळू शकतात. टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये ही सोय सहसा वापरली जात नाही. गोल्फ हौशी लोकांना म्हातारपणापर्यंत धरून ठेवतो त्याचे मोठे कारण हेच आहे, असे माझे मत आहे. पण मोठा दांडगा मुलगा आपण कच्चा लिंबू असल्याचे सांगून खेळात शिरला, तर बाकीच्यांनी काय करायचे?

मागच्या हंगामातील एक सामना सांगतो. मला चौदा फटके होते, समोरच्या गृहस्थांना बावीस, म्हणजे अठरापैकी सर्वांत कठीण आठ होल्सवर (होल म्हणजे चेंडू ज्यात टाकायचा तो खळगा आणि तिथवरचा टप्पा) त्यांना माझ्याकडून एकेक फटका मिळणार होता. मी त्या दिवशी माझ्या कुवतीप्रमाणे, किंवा खरे तर त्याहून जरा चांगलाच खेळलो. तरीही सामना चौदाव्या होलवर पाच-चारने, म्हणजे चार होल्स उरले असताना मी पाच होल्सनी मागे राहून, संपला. घरी येऊन कार्ड पाहिले तेव्हा ध्यानात आले की त्या चौदा होल्समध्ये गृहस्थांचे सहा पार (होलसाठी ठरलेले तेवढेच फटके), सात बोगी (एक जास्त) आणि एकच डबल बोगी (दोन जास्त) होते, म्हणजे पारपेक्षा नऊ फटके जास्त. बावीसच्या खेळाडूने चौदा होल्सवर सतरा-अठरा फटके जास्त घेतले असते तर कोणाची काही तक्रार नव्हती. त्यांचा अकराव्या होलवरचा दुसरा फटका मला अजून दिसतो. लांबलचक पार-चार, वाऱ्याच्या विरुद्ध, डावीकडे बंकर, आणि त्यांनी सहज हाताने लांब लोखंडी क्लबने चेंडू ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, मधोमध नेऊन ठेवला. माझी बॅग वाहणारा कॅडी माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला, "साहेब, मंगळवारी पैज असली की हे इथं नेहमी दोनात येतात."

माणूस एखाद्या दिवशी आपल्या कुवतीच्या वर खेळतो आणि त्यात गैर काही नाही, हे मी मान्य करतो. म्हणून लगेच कोणाला दोष दिला नाही. लीगची कार्डे सूचनाफलकावर लावलेली असतात, ती पाहिली. पाच सामन्यांपैकी पाचही सामन्यांत, खेळलेल्या होल्सपुरते मोजले तरी, ते बावीसच्या आत होते.

आता यात वावगे काय, असे अनेक गोल्फ खेळाडूही विचारतात, कारण हँडिकॅप म्हणजे आपल्या खेळाची सरासरी असा सार्वत्रिक गैरसमज आहे. तसे ते नाही. रॉयल अँड एन्शंट आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या दोन संस्थांनी जगभरच्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून २०२०पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आणली, तिच्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्या धरल्या जातात आणि उरलेल्या बारा सोडून दिल्या जातात. प्रत्येक फेरीचा हिशेबही नुसत्या फटक्यांवर होत नाही. समजा, मैदानाचे कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित फटके) ७०.५ आणि स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला ते मैदान त्या मानाने किती अवघड जाते याचे माप) १२१ आहे आणि मी ९२ फटक्यांत फेरी पूर्ण केली, तर ९२मधून ७०.५ वजा करून आलेल्या २१.५ला ११३ने गुणायचे आणि १२१ने भागायचे, म्हणजे त्या फेरीचा फरक २०.१ निघतो. ११३ हा मध्यम अवघड मैदानाचा स्लोप मानला आहे, त्यामुळे सोप्या मैदानावरचे ९२ आणि कठीण मैदानावरचे ९२ एकाच तराजूत येतात. एखाद्या होलवर दहा-बारा फटके लागले तरी हिशेबात ते तेवढे धरले जात नाहीत, कारण प्रत्येक होलला सवलत धरून डबल बोगीची मर्यादा आहे. या सगळ्याचा अर्थ असा की हँडिकॅप हा आपल्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे. प्रामाणिक खेळाडू आपल्या आकड्याइतके किंवा त्याहून चांगले साधारणपणे चार-पाच फेऱ्यांत एकदा खेळतो, एरवी तो दोन ते पाच फटके मागेच राहतो. चारात एकदा हे प्रमाण धरले तर लागोपाठ पाच सामन्यांत तसे खेळण्याची शक्यता हजारात एक इतकीच उरते. गृहस्थ हजारात एक असतील, मी नाही म्हणत नाही.

हा आकडा फुगवणे अवघड नाही, आणि त्यासाठी फार हुशारीही लागत नाही. मंगळवारच्या मित्रांबरोबरच्या फेरीत ८४ झाले तर कार्ड खिशातच ठेवायचे, ९८ झाले तर त्याच संध्याकाळी अ‍ॅपवर भरायचे. सतराव्या-अठराव्या होलवर आल्यावर दोन फुटांचा पट (ग्रीनवरून चेंडू खळग्यात ढकलण्याचा फटका) 'चुकवायचा'. पद्धत तयार करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. गेल्या ३६५ दिवसांतील सर्वांत कमी आकड्यापेक्षा तुमचा आकडा तीनने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते आणि पाचच्या वर ती जाऊच दिली जात नाही. आपल्या आकड्यापेक्षा सात किंवा अधिक फटक्यांनी चांगली फेरी भरली तर लगेच एकने, दहा किंवा अधिकने असेल तर दोनने कपात होते. पण पहिली अट ओलांडण्यासाठी फक्त सबुरी लागते, कारण दर वर्षी दोन-तीन फटके मुरवत गेले की तिचा फास बसतच नाही, आणि दुसरी अट लागू पडण्यासाठी ती चांगली फेरी भरावी लागते. न भरलेल्या कार्डाला संगणक काय करणार? याला इंग्रजीत सँडबॅगिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना आणि अधिक नेमका शब्द आहे, तो मी पत्राच्या शीर्षकात घातला आहे.

लीगमुळे हा मोह वाढला आहे हे मला विशेष करून सांगायचे आहे. पूर्वी क्लबच्या मासिक स्पर्धेत फार तर एखादा चषक किंवा छत्री मिळायची. आता संघांना मालक असतात, रंगीत टी-शर्ट असतात आणि खेळाडूंचा चक्क लिलाव होतो. लिलावाच्या टेबलावर मी बसलो आहे, म्हणून ऐकीव नव्हे, कानांनी ऐकलेले सांगतो: कप्तान एकमेकांत उघडपणे बोलतात की अमुक माणूस कागदावर चोवीस आहे पण खेळतो सोळाचे, त्याच्यावर बोली लावा. ज्या गोष्टीबद्दल क्लबने माणसाला जाब विचारायला हवा तिचीच बाजारात किंमत वाढते आणि दोन हंगामांपूर्वी सरळ वागणारा खेळाडूही तिसऱ्या हंगामात कार्ड भरताना हात आखडता घेऊ लागतो. हौशी खेळाडूंचे २०२२पासून लागू झालेले नियम पाहिले तर ठरावीक मर्यादेपर्यंत रोख बक्षीस घेण्याची मुभा त्यांत फक्त हँडिकॅपविरहित स्पर्धांत आहे, हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख रक्कम घेता येत नाही. नियम करणाऱ्यांनी तो फरक उगीच ठेवला असेल असे मला वाटत नाही.

घोड्यांच्या शर्यतीतही हँडिकॅप असतो. तिथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन दिले जाते आणि ते किती द्यायचे हे ठरवायला नेमलेला अधिकारी असतो. घोड्याला स्वतःचे कार्ड स्वतः भरावे लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. गोल्फमध्ये आपणच आपले वजन सांगायचे असते, आणि म्हणून या पद्धतीत हँडिकॅप समिती आणि सहखेळाडूंची देखरेख या दोन गोष्टी गाभ्याच्या मानल्या आहेत. समितीला पुरावा पाहून खेळाडूचा आकडा कमी करता येतो, गोठवता येतो, न भरलेल्या कार्डाबद्दल दंडाची फेरी त्याच्या नावावर चढवता येते, आणि फारच झाले तर हँडिकॅप काढूनही घेता येतो. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेत, कार्डावर बरोबर हँडिकॅप लिहिण्याची खेळाडूवरची जबाबदारीही २०२३च्या नियमांनी काढून समितीकडे दिली. अधिकार भरपूर आहेत. मी माझी शंका आमच्या आयोजकांपुढे मांडली तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, आकडा सिस्टीमचा आहे, आम्ही त्यात काय करणार?" सिस्टीममध्ये आकडा माणसेच भरतात, हे त्यांना ठाऊक नसावे असे नाही. पण दर रविवारी ज्याच्याबरोबर नाश्त्याची मिसळ खायची त्याला लबाड ठरवणे कोणालाच नको असते आणि आयोजकांना पुढच्या वर्षीही संघमालक हवे असतात.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर पत्र सोयीचे झाले असते, पण माझेही एक माप खोटे होते आणि ते न सांगणे बरे नव्हे. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे मी अकरा हँडिकॅपचा खेळाडू म्हणून मिरवत होतो. वाईट फेरी झाली की "आज वारा होता", "ग्रीन वाळूने भरले होते" असे काहीतरी कारण काढून कार्ड भरायचे टाळत असे, आणि चार फुटांचा पट मित्रांनी "उचला हो" म्हटले की उचलून घेत असे. खरे तर अशा उचललेल्या चेंडूला हिशेबात आणखी एक फटका धरायचा असतो, तो मी कधी धरला नाही. यात लबाडी नाही, नुसता मोठेपणाचा सोस आहे, अशी माझी समजूत होती. त्या हंगामात लीगमध्ये मी आणि माझा जोडीदार फोरबॉल (जोडीतल्या ज्याचे फटके कमी त्याचेच प्रत्येक होलवर धरायचे असा सामना) खेळत होतो आणि त्याला सामन्यामागून सामना एकट्याने ओढावा लागला, कारण मला मिळायला हवे होते ते तीन-चार फटके मी स्वतःच दिखाऊपणापायी सोडून दिले होते. सज्जन माणूस, एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या हंगामात त्याने दुसरा जोडीदार पाहिला. तेव्हापासून मी प्रत्येक फेरीचे कार्ड त्याच दिवशी भरतो आणि माझा आकडा खाली न राहता पंधराच्या आसपास येऊन स्थिरावला आहे.

लीगच्या आयोजकांकडे माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. लीगची प्रत्येक फेरी, मग ती सामना लवकर संपल्यामुळे अपुरी राहिलेली का असेना, त्याच संध्याकाळी समितीने स्वतः नोंदवावी, खेळाडूच्या मर्जीवर सोडू नये. वर्षभरात ठरावीक संख्येने कार्डे न भरणाऱ्याला लिलावात घेऊ नये. स्पर्धेच्या अटींतच लिहून ठेवावे की खेळाडूचा आजचा आकडा आणि त्याचा गेल्या ३६५ दिवसांतील सर्वांत कमी आकडा यांपैकी जो कमी असेल तोच लीगसाठी धरला जाईल. आजारपण किंवा शस्त्रक्रियेमुळे ज्याचा खेळ खरोखर उतरला आहे त्याच्यावर यामुळे थोडा अन्याय होईल हे मला दिसते, पण त्यासाठी समितीकडे अर्ज करण्याची वाट ठेवता येते. आणि हँडिकॅप समितीत संघमालक किंवा कप्तान नसावेत. ही गोष्ट मला लिहावी लागते आहे याचेच आश्चर्य वाटते.

आपल्याकडे एक विनंती आहे. लीगचे निकाल छापताना विजेत्याच्या नावापुढे कंसात त्याचा हँडिकॅप आणि त्याने प्रत्यक्ष घेतलेले फटके, हे दोन आकडे छापावेत. यासाठी कोणाची चौकशी करावी लागत नाही, कोणावर आरोप करावा लागत नाही, आणि जागाही जेमतेम अर्धी ओळ लागेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या टी-पाशी, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागेशी, चहाचा पेला हातात घेऊन आपले वृत्तपत्र वाचणारे खेळाडू आणि शेजारी उभे असलेले कॅडी पुढचा हिशेब तोंडी करतील.

आपला नम्र,
एक हौशी गोल्फ खेळाडू, पुणे