जुन्या मोटारीचे इंजिन खोलण्याआधी

माननीय संपादक,
स. न.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या सुरुवातीच्या प्रीमियर प्रेसिडेंट आणि पद्मिनी आता पन्नाशी गाठत आहेत. जुलै २०२१ मधील केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडी नंबरप्लेटच्या ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेले इंजिनाचे मुख्य बिडाचे अंग) जपणे आले. घरच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलणारे हौशी लोक त्यामुळे वाढले आहेत. वर्तमानपत्रांत जुन्या गाड्यांच्या रंगाविषयी आणि क्रोमविषयी पुष्कळ छापून येते. इंजिन कशावर टांगायचे आणि कशाने मोजायचे, याविषयी जवळजवळ काहीच येत नाही. ब्लॉक वाया जातो तो बहुधा याच दोन ठिकाणी, म्हणून हे पत्र.

आधी इंजिन बाहेर काढण्याचे. दोन टनी फोल्डिंग क्रेनवर लिहिलेले दोन टन हे तिचा दांडा पूर्ण आत असतानाचे असतात. बोनेटपर्यंत पोचायला दांडा बाहेर ओढला की क्षमता अर्ध्या टनापर्यंत उतरते. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला ती पुरते. जीपचे किंवा ॲम्बेसेडरचे इंजिन गिअरबॉक्ससह काढायचे असेल तर दांड्यावरचे आकडे वाचूनच पिन घालावी. चेनब्लॉक (साखळीची कप्पी) पत्र्याच्या शेडच्या कैचीला कधीही अडकवू नये. ती कैची छपराचे वजन पेलण्यासाठी असते, मधोमध एका बिंदूवर लोंबणाऱ्या भारासाठी नसते. इंजिन ज्या साखळीने टांगतो तिच्या दोन बाजूंमधला कोन जितका कमी तितके चांगले. तो १२० अंशांवर गेला की प्रत्येक बाजूवर इंजिनाचे पूर्ण वजन येते. आणि साखळी मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळीच्या) स्टडला लावू नये.

काढलेले इंजिन ज्यावर बसवून फिरवता येते तो इंजिन स्टँड घेताना तीन चाकांचा स्वस्त पडतो, पण तो घेऊ नये. इंजिन स्टँडच्या पुढे, हवेत लटकलेले असते. पुढे एकच चाक असले आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने कसणारा पाना) आडवा ओढला, की सगळे एका बाजूला कलते. शहाबादी फरशीच्या सांध्यात छोटे चाक अडकले तरी तेच होते. चार चाके, त्यांतल्या किमान दोहोंना ब्रेक, आणि पुढचे पाय इंजिनाच्या वजनाच्या मध्याच्या पुढे जाणारे असा स्टँड बघावा. दुकानात डोक्याची फिरती प्लेट हाताने हलवून पाहावी. तिथे खुळखुळ असेल तर इंजिन चढल्यावर ती वाढलेलीच दिसेल.

स्टँड इंजिनाला मागून, गिअरबॉक्सच्या बोल्टांच्या भोकांत बसतो. त्यामुळे क्लच आणि फ्लायव्हील इंजिन क्रेनला टांगलेले असतानाच काढावे लागतात. ॲम्बेसेडरच्या बी-सिरीज इंजिनात मागची पातळ प्लेटही त्याच वेळी काढून ठेवावी. ती स्टँडच्या हातांखाली दाबली गेली, तर मागची मेन कॅप (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ब्लॉकमध्ये धरणारी टोपी) काढताना सगळे पुन्हा उतरवावे लागते. ती कॅप ब्लॉकमध्ये घट्ट बसलेली असते. छिन्नीने उचकटली तर कॅपची बैठक जाते. कॅपला आट्याचे भोक असते, त्यात बोल्ट फिरवून स्लाइड हॅमरने ती सरळ ओढून काढावी.

स्टँडचे बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे असावेत आणि त्यांचे आटे ब्लॉकमध्ये जाडीच्या दीडपट तरी आत गेलेले असावेत: १० मिलिमीटरचा बोल्ट असेल तर १५ मिलिमीटर. स्टँडसोबत आलेल्या बोल्टांची लांबी क्वचितच जुळते. तळाला टेकलेला लांब बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात स्टँडचा हात सैल राहतो आणि ओढ वाढली की बिडाला तडा जातो. फिरण्याचा अक्ष क्रँकच्या मध्यापेक्षा थोडा वर येईल अशी मांडणी करावी, कारण हेड (सिलिंडरांवरचे झाकण) असताना वजनाचा मध्य तिथे असतो. हेड उतरले की तो खाली सरकतो, म्हणून दर वेळी फिरवल्यावर लॉकपिन घालायचीच. नुसत्या कसलेल्या बोल्टाच्या भरवशावर खाली हात घालू नये.

पान्यांबाबत सर्वांत जास्त घोळ मापांचा होतो. फियाटच्या गाड्या, म्हणजे पद्मिनीही, मेट्रिक आहेत. ॲम्बेसेडर, जीप यांचे बहुतेक नट इंची, दोन सपाट बाजूंमधल्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो, फिरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. पाऊण इंचावर १९ चा पाना चालून जातो, म्हणून लोकांना वाटते सगळीकडेच चालेल. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंग्रजी गाड्यांना व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने लागतात. तिथे पान्यावरचा आकडा नटाचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंच व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असते. गोट्या (सॉकेट) सहा कोनीच घ्याव्यात. बारा कोनी गोटी झिजलेल्या नटाला टोकावर पकडते आणि तो गोल करते.

टॉर्क पाना एकच घेऊन भागत नाही. आपल्या कमाल आकड्याच्या साधारण पाचव्या भागाखाली तो विश्वासाचा राहत नाही. २०० न्यूटन-मीटरच्या पान्याने संपचे (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीचे) ६ मिलिमीटरचे बोल्ट कसले, की ब्लॉकमधले आटे निघून हातात येतात. ५ ते २५ चा एक आणि २० ते ११० चा एक अशी जोडी पद्मिनीला पुरते. काम झाल्यावर क्लिकचा पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, आणि त्याने कधीही नट सोडवू नये. एकके तपासा. इंग्रजी पुस्तकातला ४० हा आकडा पाउंड-फुटांचा असतो, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. तो न्यूटन-मीटर समजून कसला तर पाव भाग ताण कमी पडतो आणि हेड पॅकिंग उडते. इटालियन पुस्तकात किलोग्रॅम-मीटर असतात, त्यांना ९.८ ने गुणायचे. आटे तेलकट हवेत की कोरडे, हेही पुस्तकातलेच पाळावे. त्याच आकड्याला तेलकट बोल्ट बराच जास्त ताणला जातो.

मोजमापाच्या हत्यारांवर लोक पैसे वाचवतात, आणि आमच्या मते खर्च करायचा तो इथेच. ५० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) बेअरिंगची फट ढोबळमानाने ०.०५ मिलिमीटर असते. ०.०२ मिलिमीटर दाखवणाऱ्या व्हर्नियरने तिच्याविषयी काहीच सांगता येत नाही. २५ ते ५० आणि ५० ते ७५ असे दोन मायक्रोमीटर, ५० ते १६० चा डायल बोअर गेज आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) इतके हवेच. पद्मिनीचे बोअर (सिलिंडरचे भोक) ६८ मिलिमीटरचे आहे. ते वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक जागी क्रँकच्या दिशेने व तिला काटकोनात मोजावे. बोअरिंगला टाकायच्या आधी हे आकडे तुमच्या वहीत असले, तर रिबोअर (भोक कापून मोठे करणे) खरोखर हवा की नुसते होनिंग (हलकी घासाई) आणि नव्या रिंगा पुरतील, हे तुम्ही ठरवता. विनाकारण वाढवलेले प्रत्येक बोअर मूळ ब्लॉकचे आयुष्य कमी करते. रिंगेची फट बोअरमध्ये रिंग सरळ बसवून पाहावी. साध्या बिडाच्या रिंगेला ६८ च्या बोअरमध्ये ०.२० ते ०.२७ मिलिमीटर. पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावेत. ॲल्युमिनियमचा ६८ मिलिमीटरचा पिस्टन दहा अंशांच्या फरकाने दीड शतांश मिलिमीटर फुगतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात दारातला आणि आतला फरक तेवढा सहज असतो.

रिंग कॉम्प्रेसर (पिस्टनच्या रिंगा दाबून धरणारा), व्हॉल्व्ह लिफ्टर (व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबणारा) किरकोळ आहेत, कोणतेही चांगल्या पोलादाचे चालतात. क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचे फेसिंग (बैठक सपाट करणे) घरी करायच्या गोष्टी नाहीत.

हा सारा संच एका माणसाला बहुधा एकदाच लागतो. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या जुन्या मोटारींच्या क्लबांनी एक क्रेन, चार चाकांचा स्टँड, बोअर गेज आणि टॉर्क पान्यांची जोडी सामायिक ठेवावी, अनामत घेऊन सभासदांना द्यावी आणि टॉर्क पाने वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. या सूचनेला आपल्या पत्रातून जागा मिळावी, ही विनंती.

आपले,
जुन्या मोटारींची इंजिने बांधणारे काही वाचक, पुणे