परभणीच्या हार्डवेअरवाल्या भाऊंचे जाहीर आभार

आदरणीय भाऊ,

स.न.वि.वि.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलं, म्हणून घालत नाही. आमच्या जिंतूर तालुक्यात तुम्हाला सगळे हार्डवेअरवाले भाऊ म्हणूनच ओळखतात. ज्याला कळायचं त्याला कळेल. आभार फोनवरही मानता आले असते, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, नेट कसं चाललंय?" म्हणून विषय बदलता. शिवाय तुम्ही जे सांगितलं ते माझ्यासारख्या बाकीच्या केंद्रचालकांच्याही कामाचं आहे, म्हणून हे उघड पत्र.

जुलैअखेरीस आमच्या सेवा केंद्रात काय हाल असतात ते तुम्ही पाहिलंय. पीक विम्याची मुदत संपत आलेली, पोर्टल रखडलेलं, ओट्यावर माणसं सातबारा, आधार, पासबुक घेऊन सकाळपासून बसलेली. अशात दुसऱ्या मशीनवर भरतीची जाहिरात शोधणाऱ्या एका पोरासमोर अख्खा पडदा लाल झाला. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. ट्रोजन (म्हणजे लपून शिरणारा व्हायरस) सापडलाय, बँकेचे पासवर्ड चोरीला चाललेत, संगणक बंद केला तर सगळा डेटा जाईल. खाली ठळक अक्षरात टोल फ्री नंबर, आणि स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत तेच तेच ओरडून सांगतेय. "आवं, हे तर बोंबलायलंय!" म्हणत रांगेतले एक आबा मागं सरकले. एकानं तर खिशातून फोन काढून नंबर लावायलाही घेतला.

तुम्ही खाली प्रिंटरचं पोट उघडून बसला होतात, हात टोनरनं काळे. मान वर न करताच म्हणालात, "नंबर लावू नका. एस्केप दाबून धरा." धरलं, तसा लपलेला पत्त्याचा पट्टा वर दिसायला लागला. त्यात कुठलीतरी अर्थ नसलेली अक्षरं होती, मायक्रोसॉफ्टचं नावसुद्धा नव्हतं. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम, टास्क मॅनेजर, क्रोमवर एन्ड टास्क. आवाज बंद. पुन्हा क्रोम उघडलं तेव्हा त्यानं आधीची पानं परत आणू का म्हणून विचारलं. "नाही म्हणा, नायतर तीच बाई परत येईल," असं तुम्ही म्हणालात आणि रांगेत हशा पिकला.

इथवर कुणीही जाणता माणूस करेल. माझे आभार त्यापुढच्यासाठी आहेत.

तुमच्या आधी आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. पडद्यावर काहीही आलं की त्यांच्या लेखी व्हायरस, आणि व्हायरस म्हटलं की फॉरमॅट. वर एखादं क्लीनर सॉफ्टवेअर गळ्यात मारून जायचे. उलट ओळखीतले बाकीचे म्हणायचे, असलं येतच असतं, बघायचंच नाही. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "काय बोलायलंय ते नंतर. कोण बोलायलंय ते आधी बघा."

मग हात पुसून तुम्ही समजावून सांगितलं. तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक वेबपान. ते ब्राउझरच्या कुंपणाआड असतं, त्याला आपल्या डिस्कवरच्या फायली चाळून बघताच येत नाहीत. मग ट्रोजन सापडला कुठून? तो मजकूर आधीच लिहून ठेवलेला असतो. ज्याचं मशीन धुतल्यासारखं स्वच्छ, त्यालाही तोच दिसतो. टक्के वाढत जाणारी पट्टी हेही चित्रच. आणि मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगून ठेवलंय की त्यांच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तेव्हा नंबर दिसला की पुढचं वाचायचं कारणच उरत नाही.

त्या नंबरावर पलीकडं काय होतं, हे ऐकून मात्र रांगेतली माणसं गप्प झाली. आधी एनीडेस्कसारखं, लांबून दुसऱ्याचा संगणक चालवायचं अॅप टाकायला लावतात. (अॅपचा दोष नाही, तुम्हीही त्यावरूनच मला मदत करता. दोष बोलावणाऱ्या हाताचा.) आत शिरले की विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडतात आणि "बघा किती एरर" म्हणून दाखवतात. तुम्ही तेच इव्हेंट व्ह्यूअर आमच्या चांगल्या चालणाऱ्या मशीनवर उघडून दाखवलंत. तिथंही लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, पानंच्या पानं. कुठली सेवा सुरू व्हायला उशीर झाला, कुठला ड्रायव्हर अडखळला, असल्या नोंदी. विंडोजच्या प्रत्येक मशीनवर त्या असतातच. त्या दाखवून सफाईचे पैसे मागायचे, एवढाच धंदा.

त्यावर तुम्ही सांगितलेली ऑफिस डेपोची हकीकत मी आता येईल त्याला ऐकवते. अमेरिकेतली केवढी मोठी दुकानांची साखळी! तिथं गिऱ्हाइकाचा संगणक फुकट तपासून द्यायचे. सुरुवातीला चार प्रश्न: संगणक मंद झालाय का, मध्येच बंद पडतो का, असले. एकाला जरी हो म्हटलं आणि त्या चौकटीत खूण केली, की तपासणीत व्हायरसची लक्षणं सापडणारच. निकाल तपासणीवर नव्हताच, त्या खुणेवर होता. २०१९ साली तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली आणि दुकान व सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. एवढ्या नावाजलेल्या दुकानात हे चालतं, मग आमच्या जुन्या गृहस्थांना मी काय बोलू?

पण मला सगळ्यात आवडलं ते तुम्ही खरा इशारा समोर उठवून दाखवलात ते. पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढलात. त्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हांची एक ओळ. आयकार नावाची चाचणीची फाईल, एकूण ६८ अक्षरांची, अपाय शून्य. जगभरच्या अँटिव्हायरसवाल्यांनी ही ओळ दिसली की व्हायरस म्हणून पकडायचं असं ठरवून घेतलंय, म्हणजे पहारेकरी जागा आहे का ते बघता येतं. तुम्ही ती नोटपॅडमध्ये टाइप करून सेव्ह केलीत. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली. वर विंडोज सिक्युरिटीचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं नाव, आत धोका सापडल्याची एक ओळ, थोड्या वेळात चौकट गायब. फाईलही गायब. आरडाओरडा नाही, नंबर नाही, घाई नाही. मग ढालीच्या चिन्हावर क्लिक करून प्रोटेक्शन हिस्टरी उघडलीत, तर तिथं नोंद हजर: कुठली फाईल, किती वाजता, काय केलं.

"एवढंच?" असं मागून कुणीतरी म्हणालं. खरंच, आम्ही सगळे काहीतरी मोठं होईल म्हणून बघत होतो. आपलं काम करून मग सांगणारा इशारा असा दिसतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून कोपऱ्यातल्या चौकटींकडे माझं लक्ष जायला लागलं.

लक्ष जायला लागलं तशी दुसरी गंमत दिसली. आमच्या त्या दुसऱ्या मशीनवर कोपऱ्यातून सारख्या चौकटी यायच्या: अँटिव्हायरस संपलं, पाच व्हायरस सापडले, आत्ता स्वच्छ करा. जागा तीच, आकारही तोच. पण नीट बघितलं तर विंडोज सिक्युरिटीचं नाव नाही. गुगल क्रोम, आणि खाली बारीक अक्षरात कुठल्याशा साइटचं नाव. तुम्हाला फोन केला तर तुम्ही विचारलंत, "तिथं पोरं निकाल बघतात ना?" बरोबर. असल्या कुठल्यातरी साइटनं 'रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हटलं, पोरांनी दाबलं. परवानगी तिथं दिली गेली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स अशी वाट काढत गेले आणि त्या साइट एकेक करून काढून टाकल्या. चौकटी थांबल्या, फॉरमॅट लागला नाही. आणि मुदत संपल्याचा संदेश आला तर आधी बघायचं, की ते अँटिव्हायरस आपल्याकडं आहे तरी का. पुण्याच्या क्विक हीलचा संदेश ज्याच्या मशीनवर क्विक हील आहे त्याला खरा असू शकतो. आमच्याकडं विंडोजची स्वतःची ढाल आहे, आम्हाला तो खोटाच.

लाल रंगाचंही तसंच. क्रोम स्वतः कधी कधी अख्खं पान लाल करतं आणि पुढं धोकादायक साइट आहे, मागं फिरा म्हणतं. तो इशारा खरा. वर पत्त्याचा पट्टा जागेवर असतो आणि मागं फिरण्यापलीकडं तो काही मागत नाही. म्हणून मी खोट्या इशाऱ्यांची यादी भिंतीवर लावते म्हणाले तेव्हा तुम्ही अडवलंत, की रंग बदलतो, चिन्ह बदलतं, स्पेलिंगच्या चुकाही आता राहिल्या नाहीत, शुद्ध मराठीतसुद्धा धमकी येते. ऐकलं तुमचं. भिंतीवर फक्त १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावलाय, पैसे गेलेच तर लगेच फोन करायला. आणि मशीन खरंच बिघडल्यासारखं वाटलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनं फुकट मिळतात हे माहीत आहे, त्यामुळं क्लीनर कुणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. आमच्या गावातले एक आजोबा परवा फोन घेऊन आले. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकायची फाईल) पाठवली होती, हप्ता अडकलाय म्हणून. त्यांनी ती दाबली, तर प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे फोनमधल्या गुगलच्या पहारेकऱ्यानं, अडवलं. नातू म्हणाला, "आबा, असलं येतच असतं, तरीपण इन्स्टॉल करा." आजोबा तुमच्या त्या रांगेत होते. ते म्हणाले, "थांब, हे कोण बोलायलंय ते बघू." आणि माझ्याकडं आले. मी प्ले स्टोअर उघडलं, कोपऱ्यातल्या त्यांच्या चित्रावर दाबून प्ले प्रोटेक्टमध्ये गेले. इशारा फोनचा स्वतःचाच होता. त्या अॅपला एसएमएस वाचायची परवानगी हवी होती, म्हणजे ओटीपी थेट पलीकडं. फाईल पुसली, पाठवणाऱ्याला ब्लॉक केलं. आजोबांच्या खात्यात बियाण्याचे पैसे होते.

त्या दिवशी तुम्ही 'सगळं खोटं असतं' असं सांगून गेला असतात, तर आजोबांनी नातवाचं ऐकलं असतं. भाऊ, याचे आभार मानायला मला शब्द सुचेनात. प्रिंटरच्या रोलरचे पैसे तुम्ही घेतलेत, याचे काय द्यायचे ते तुम्हीच सांगा.

एक विचारायचं राहिलं. त्या दुसऱ्या मशीनवर विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे अपडेट, संपल्याचा अख्ख्या पडद्याचा संदेश आला होता. पोरं लगेच खोटा म्हणून बंद करायला निघाली. मी त्यातलं काही न दाबता तो बंद केला, सेटिंग्जमधून विंडोज अपडेटला गेले, तर तिथंही तेच. म्हणजे खरा. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपलाय, आणि नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळतात, एवढं कळलं. मशीन जुनं आहे, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ घेत नाही. तेव्हा नाव नोंदवून वर्ष काढावं, की विम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत दुसरं मशीन बघावं? जुन्यात घ्यायचं झालं तर परभणीत कुणाकडं बघू तेही कळवा. जिंतूरला आलात की जेवायलाच या, वहिनींनाही आणा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सेवा केंद्रातली ताई