माइनस्वीपर: एक डिझाइन रद्द झालं, मग दुसरं कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातले सुरुंग शोधून नष्ट करणाऱ्या जहाजांची (माइनस्वीपर वगैरे) खरेदी गरजेची आहे असं संरक्षण खरेदी परिषदेनं जुलै २०२५ मध्ये मान्य केलं, वाचून बरं वाटलं, पण हे आपण आधीही ऐकलंय म्हणून लिहितोय. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीची टेक्नॉलॉजी घेऊन १२ जहाजं बांधायची होती, जवळपास ३२ हजार कोटींचं काम, वर्षानुवर्षं बोलणी चालली आणि २०१८ च्या सुरुवातीला सगळं रद्द.

रद्द होणं अमेरिकेलाही चुकलं नाही. १९८० च्या दशकात त्यांनी कार्डिनल क्लास नावाचं सुरुंगविरोधी जहाजाचं डिझाइन आखलं होतं, जहाज हवेच्या उशीवर चालणार म्हणजे पाण्यावर दाब कमी, आवाज कमी (काही सुरुंग यांनीही फुटतात), आणि बॉडी फायबरग्लासची, कारण मॅग्नेटिक सुरुंग लोखंडाचं चुंबकत्व ओळखूनच फुटतो. कल्पना खरंच भारी होती. पण बॉडीच्या तुकड्याजवळ पाण्यात स्फोट करून बघितला तर तो टिकला नाही, आणि सुरुंगाशेजारीच काम करायचं असलेल्या जहाजानं ही परीक्षा पास व्हायलाच हवी ना! १९८६ मध्ये डिझाइन रद्द केलं, योग्यच केलं, माणसं बुडण्यापेक्षा कागद फाडलेला बरा. पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. इटलीच्या लेरिची जहाजाचं डिझाइन घेतलं, १९८७ मध्ये ऑस्प्रे क्लासचं पहिलं जहाज ऑर्डर केलं आणि अशी १२ बांधली.

आपण काय केलं? आपल्या नौदलाची कारवार आणि काकीनाडा ही माइनस्वीपर जहाजं मे २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली, शेवटचं कोझिकोड एप्रिल २०१९ मध्ये विशाखापट्टणमला. सोव्हिएत बनावटीची ही जहाजं तीस-तीस वर्षं राबली, मागं केबल ओढत जायची, केबलवरचे कटर सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारी साखळी तोडायचे, सुरुंग वर आला की तोफेनं उडवायचा. त्यांच्या जागी खास या कामाचं नवीन जहाज एकही आलं नाही, दुसऱ्या जहाजांवर उपकरणं बसवून काम भागवायचं. उद्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराच्या चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांच्या वाटेत, सुरुंग आहे अशी नुसती शंका आली तरी कंटेनर जहाजं बाहेरच थांबतील, आणि चॅनेल साफ झाल्याची खात्री देणार कोण?

यावेळी डिझाइन कोणाचं, स्फोटाची चाचणी कधी आणि पहिलं जहाज पाण्यात कधी, एवढं संरक्षण मंत्रालयानं तारखेसकट जाहीर करावं, आणि तुमच्या पेपरनंही ते विचारत राहावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक