बांधापाशी वळताना तास (पेरणीची सरळ रेघ) चुकवणाऱ्या स्वयंचलित स्टीअरिंगबाबत तक्रार

मुलुंड, मुंबई
८ सप्टेंबर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
अंधेरी पूर्व, मुंबई

विषय: ट्रॅक्टरच्या स्वयंचलित स्टीअरिंग यंत्रणेतील दोष रब्बीच्या पेरणीआधी दूर करून मिळणेबाबत

महोदय,

मे महिन्यात मी आपल्या अंधेरीच्या कार्यालयातून ही यंत्रणा घेतली. साडेतीन लाख रुपये भरले, त्यातले निम्मे माझ्या भविष्य निर्वाह निधीतले आहेत. मी नोकरीमुळे मुंबईत असतो. परभणी जिल्ह्यातले आमचे ७ एकर काळे रान धाकटा भाऊ कसतो. त्याच्या कंबरेचे दुखणे वाढले आहे, दिवसभर स्टीअरिंग धरून मान मागे वळवत पेरणी करणे त्याला आता झेपत नाही. म्हणून हा खर्च केला.

आपल्या कार्यालयात मला व्हिडिओ दाखवला होता. ट्रॅक्टर दोरी लावल्यासारखा सरळ जातो, चालकाचे हात मांडीवर. ते खरेच आहे. आमच्या शेतातही मधल्या भागात दोन तासांमधले अंतर ३ सेंटिमीटरच्या वर चुकलेले नाही. पण तो व्हिडिओ बांध आला की संपत होता, हे मला तेव्हा खटकायला हवे होते. माहितीपत्रकात ‘वळणही आपोआप’ असे स्पष्ट छापले आहे, आणि माझी तक्रार त्या वळणाचीच आहे.

जूनअखेर सोयाबीन पेरले. चार ओळींचे पेरणी यंत्र, ओळीत ४५ सेंटिमीटर अंतर. वळून नव्या तासाला लागल्यावर ट्रॅक्टर आधी ओळीच्या पलीकडे जातो, मग अलीकडे येतो आणि साधारण १० मीटर गेल्यावर स्थिरावतो. दोष किती मोठा आहे ते कोळपणीला कळले. आधीच्या फेरीची शेवटची ओळ आणि नव्या फेरीची पहिली ओळ यांत कुठे ६८ सेंटिमीटर जागा सुटलेली, कुठे जेमतेम २४. अरुंद जागेत कोळप्याची पास शिरली की हातभर लांबीतली रोपे मुळासकट वर येत होती. भावाने शेवटी बैल थांबवले आणि तेवढा भाग बायांकडून खुरपून घेतला. रुंद जागेत तण माजले ते वेगळेच. शेत १८० मीटर लांब आहे, म्हणजे साधारण ८७ फेऱ्या. प्रत्येक फेरीचे पहिले १० मीटर धरले तर १५ गुंठ्यांवर हा वाकडेपणा आहे. तिथले सगळे पीक गेले असे मी म्हणत नाही, पण खुरपणीची मजुरी आणि मेलेली रोपे आमच्याच माथी आली.

आपल्या हेल्पलाइनवर चार वेळा फोन केला. चारही वेळा ‘सॅटेलाइटचा सिग्नल कमी असेल, मोबाईलचे नेटवर्क बघा’ हेच उत्तर मिळाले. हे मला मान्य नाही. वळताना पूर्णवेळ स्क्रीनवर आरटीके फिक्स (सॅटेलाइटवरून काढलेली जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक असल्याची खूण) हिरवे होते, आणि सिग्नल गेला असता तर मधले तासही बिघडले असते. शिवाय डावीकडे वळल्यावर चूक १० सेंटिमीटरच्या आत राहते, उजवीकडे वळल्यावर २० च्या पुढे जाते. आकाश दोन्हीकडे तेच आहे. पुढच्या चाकाचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचे शून्य नीट लावलेले नाही, असा माझा समज आहे.

दुसरी गोष्ट मी स्वतः टेप लावून पाहिली. मागच्या आखापासून सॅटेलाइटचा सिग्नल घेणारी अँटेना १३४ सेंटिमीटर पुढे आहे. सेटिंगमध्ये १०० भरलेले आहे. आपल्या तंत्रज्ञाने बसवताना टेप काढलाच नव्हता, वितीने मोजले होते. भाऊ शेजारी उभा होता. सरळ चालताना ही चूक लपते, ट्रॅक्टर तिरका झाला की उघडी पडते. आकडा बदलायला गेलो तर पासवर्ड फक्त तंत्रज्ञाकडे.

बांधाजवळ जमीन चढती आहे. अँटेना जमिनीपासून अडीच मीटर उंच आहे, त्यामुळे ट्रॅक्टर ५ अंश जरी कलला तरी ती बाजूला २२ सेंटिमीटर सरकते. कल धरून हिशेब करण्याची सोय यंत्रात आहे असे आपण सांगता, मग ती सुरू आहे का आणि सपाट जागेवर तिचे शून्य लावले होते का, हे तपासून द्यावे.

यापुढचे मात्र पिकापुरते नाही, म्हणून वेगळे लिहितो. पूर्वेच्या बांधाला आमची विहीर आहे. तिथे एका दमात वळता येत नाही, ट्रॅक्टर थोडा मागे घ्यावा लागतो. अँटेना एकच असल्याने यंत्र आधीची जागा आणि आताची जागा पाहून ट्रॅक्टरचे तोंड कुठे आहे ते ठरवते. मागे घेतला की स्क्रीनवरचा बाण उलटा फिरतो. ११ जुलैला असेच झाले आणि स्टीअरिंग आपोआप विहिरीच्या बाजूला वळू लागले. पुतण्या चालवत होता, त्याने दोन्ही हातांनी चाक धरून क्लच दाबला म्हणून थांबले. पोरगा २० वर्षांचा आहे. घरी येऊन तो जेवला नाही. तेव्हापासून त्या बाजूला आम्ही यंत्रणा बंद ठेवतो.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की हरभऱ्याची पेरणी आहे. त्याआधी, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत, जाणकार तंत्रज्ञ शेतावर पाठवावा. सगळी मापे टेपने घेऊन भरावीत, चाकाचा सेन्सर दोन्ही बाजूंना वळवून पुन्हा जुळवावा आणि किती पुढचे पाहून स्टीअरिंग वळवायचे ते अंतर कमी वेगासाठी वेगळे लावून द्यावे. रिव्हर्स गिअर यंत्राला कळेल अशी सोय करावी, नसेल जमत तर दिशा दाखवणारी दुसरी अँटेना आपल्या खर्चाने बसवावी. चाचणी मधल्या तासावर नको, विहिरीच्या बांधालाच घ्यावी, आणि निकाल लेखी द्यावा.

हे होणार नसेल तर यंत्रणा परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे मला जाता येते आणि गरज पडली तर मी जाईन. पण मला खटला नको आहे, नीट चालणारे यंत्र हवे आहे. भावाने या यंत्राच्या भरवशावर बैलजोडी विकायचा विचार चालवला होता, तो सध्या थांबवला आहे.

तंत्रज्ञ कोणत्या दिवशी येणार ते दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे रजा टाकून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मला सकाळी परभणीला पोहोचता येईल. पावती, माहितीपत्रकाचे पान, स्क्रीनचे आणि ओळींवर टेप धरून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
(सही)